बाकावरून

मी तुमचा बारावा.
पाच वर्षांत मैदानावर किती मिनिटं उतरलो
ते तुम्हालाच ठाऊक, वही तुमच्याकडे होती.
मला बाक पाठ आहे:
तिसऱ्या फळीतला वर आलेला खिळा,
रेडिएटरवर वाळणाऱ्या मोज्यांचा वास,
आणि तुमची पाठ, झेनोनास सर,
राखाडी स्वेटर, कोपराला वाकडं ठिगळ.
आल्डोनाबाईंची बोटं तेव्हाच वळेनाशी झाली होती.
तशाच बोटांनी शिवलेलं ते ठिगळ
तुम्ही पाहुण्या संघाच्या प्रशिक्षकाला दाखवायचात,
लोक पदक दाखवतात तसं.

लिथुआनियाच्या नकाशावर आमचं गाव
शाईच्या टिंबाखाली झाकलं जातं.
पण गोठ्याच्या भिंतीला, चर्चमागच्या भुर्जाला,
जिथे खिळा धरेल तिथे कडं ठोकलेलं.
तुमच्या अंगणातल्या खांबावर एका एप्रिलमध्ये
करकोच्यांनी घरटं मांडलं.
तुम्ही कडं उतरवलंत,
दहा पावलांवर नवा खांब पुरलात.
"पिल्लं उडेपर्यंत," म्हणालात.
पिल्लं उडाली. पुढच्या वर्षी आणखी आली.
जुना खांब त्यांच्याच नावावर राहिला.

शाळेआधीचा सराव. अंधार, खिडक्यांना आतून बर्फ.
आणि सातच्या ठोक्याला शिट्टी,
उद्या अंतिम सामना असला तरी.
एकदा शहरातून आलेले साहेब म्हणाले, आणखी अर्धा तास घ्या.
"घरी तीन वेण्या घालायच्यात," तुम्ही म्हणालात
आणि टोपी घातलीत.
साहेब हसले.
आमच्यातलं कुणी हसलं नाही.

रामुने वर्गात माझ्या पुढच्या बाकावर बसायची.
तिच्या वेणीवरून मला कळायचं
काल रात्री दूरच्या गावी आपण हरलो की जिंकलो.
हरल्यावर वेणी घट्ट.
इतकी घट्ट की तिच्या भुवया वर ओढल्या जायच्या
आणि ती दिवसभर आश्चर्यात असल्यासारखी दिसायची.

गुडघे वाकवा!
हे तुम्ही आम्हाला सांगायचात,
निसरड्या रस्त्यावरच्या पोस्टमनला सांगायचात,
नातवाला पहिलं पाऊल टाकताना,
आणि शेवटच्या वर्षी आल्डोनाबाईंना
खुर्चीतून उठवताना, स्वतःलाच, पुटपुटत.

फेब्रुवारीत तुम्ही गेलात.
पेटी उचलायला आम्ही सहा.
केस्तुतिस, जो पुढे राजधानीच्या संघात गेला,
दोन मीटर चार. बाकीचे चौघं त्याच्या खांद्याला लागणारे.
आणि मी.
उचलली तशी पेटी माझ्या बाजूला कलली.
बायकांमधून कुणीतरी श्वास आत ओढला.
केस्तुतिस मागे न बघता, अगदी हळू, म्हणाला,
"गुडघे वाकवा."
पाचही जण वाकले.
चर्चपासून टेकडीपर्यंत, बर्फातून,
पन्नाशीची माणसं अर्ध्या बैठकीत चालत राहिली,
मांड्या पेटल्या, कुणी सरळ झालं नाही.
पूर्ण वेळ खेळलो मी त्या दिवशी.

नंतर राईचा पाव, हेरिंग, खूप खुर्च्या.
आल्डोनाबाई सातच्या ठोक्याला दाराकडे बघून घेत होत्या.
रामुनेनं वही आणून माझ्या हातात दिली,
केस आता आखूड, पांढरे.
एका पानावर डावपेचांचे बाण,
त्याच पानाच्या कडेला: दूध, यूरातेचे बूट ३४ नंबर, रिबन निळी.
माझं नाव शोधलं.
मिनिटं लिहिलेली नव्हतीच.
एवढंच होतं, पेन्सिलीनं, जानेवारीच्या तारखेखाली:
"टोकाला बसतो. दाराचा वारा लागतो.
मधे बसवणे."

मला आठवलं.
त्या जानेवारीत माझी जागा बदलली होती
आणि मला वाटलं होतं,
आता मला खेळवणार.